कोलकात्यात वेळ बघून खावं

कोलकात्यात प्रत्येक खाण्याची वेळ ठरलेली आहे, आणि ती हुकली की तो पदार्थ दुसऱ्या दिवसावर जातो. कोचुरी सकाळी, ऑफिसवाल्यांच्या गल्लीतलं स्टू दुपारी, तेलेभाजा (म्हणजे भजी) चारनंतर, फुचका (तिकडची पाणीपुरी) दिवेलागणीला, रोल त्याच्याही नंतर. टिरेटा बाजारातला चिनी नाश्ता तर ऊन नीट वर यायच्या आत संपतो. बहुतेक सहली याच्या बरोबर उलट आखलेल्या असतात: आधी व्हिक्टोरिया, मग संग्रहालय, मग पूल, आणि मधे जिथे भूक लागेल तिथे जेवण. त्यात शहर बघून होतं, पण त्याची चव कळत नाही. म्हणून आम्ही आधी पदार्थांच्या वेळा लिहून काढल्या आणि बघायच्या जागा त्यांच्या आजूबाजूला बसवल्या.

सोबत मावशी होती. ती पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मी सगळं खाणारी. "तिकडे मासे सोडून काय मिळणार तुला," असं तिला निघण्याआधी ज्याने त्याने ऐकवलं होतं. पुढे वाचाल तर कळेल, रस्त्यावरचं अर्धंअधिक खाणं तिलाच जास्त मिळालं. महिना जानेवारीचा. मुक्काम सेंट्रल मेट्रो स्टेशनजवळ घेतला, कारण तिथून जुनं उत्तर कोलकाता पायी फिरता येतं आणि बाकीच्या शहरासाठी मेट्रो आहेच. एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. हे शहर आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला आहे. जानेवारीत इथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे दिवस लवकर सुरू करावा लागतो.

शुक्रवार

पहाटेच मल्लिक घाटावर पोचलो. हावडा पुलाच्या कोलकाता बाजूच्या टोकाला, पुलाखालीच, हा फुलबाजार भरतो. झेंडूच्या माळा इथे दोरखंडासारख्या जाड वेटोळ्यांनी विकतात, आणि ती वेटोळी डोक्या-खांद्यावर घेऊन हमाल धावत येतात; "शोरुन, शोरुन" ऐकू आलं की बाजूला व्हायचं. कालीमातेला जास्वंद लागते, ती कळ्यांच्याच माळा करून विकतात, म्हणजे देवीच्या गळ्यात जाईपर्यंत उमलतात. कोलाघाट, पांशकुडा भागातून लोकलने आलेला माल असतो. मावशीने कमळाच्या कळ्या घेतल्या. विकणाऱ्याने बाहेरच्या पाकळ्या एकेक करून आत मुडपून कळीचं फूल करून दाखवलं. इतक्या थंडीत ओल्या हातांनी, आणि एकही पाकळी न फाडता.

बाजारातून पायऱ्या थेट हुगळीत उतरतात. पूल बघावा तर इथूनच. १९४३ च्या फेब्रुवारीत तो वाहतुकीला खुला झाला, म्हणजे ऐन महायुद्धात. सुमारे साडेसव्वीस हजार टन पोलाद लागलं आणि त्यातलं बहुतेक टाटांनी पुरवलं. नदीच्या पात्रात एकही खांब नाही. मधला गाळा ४५७ मीटरचा आहे आणि सगळा सांगाडा रिव्हेटांनी जोडलेला आहे, नटबोल्ट नाहीत. पुलावरून चालत हावड्याला गेलो. चालताना खालच्या बाजूला लोखंडी आधारांना घातलेली फायबरची वेष्टनं दिसतात. पान-गुटख्याच्या पिंकांनी पोलाद गंजायला लागलं होतं, म्हणून ती घालावी लागली. महायुद्ध पाहिलेल्या पुलाला थुंकण्यापासून वाचवावं लागतं, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

हावड्याच्या जेट्टीवरून बागबाजारची फेरी घेतली. अगदी थोड्या पैशांत नदीवरून उत्तर कोलकाता बघायला मिळतं: पडके वाडे, गोदामं, घाटावर तेल चोळत बसलेली माणसं. नऊच्या आत बागबाजारात उतरलो, आणि ते महत्त्वाचं होतं, कारण कोचुरीच्या कढया दहाच्या पुढे थंडावायला लागतात.

ही कोचुरी आपल्या कचोरीसारखी खुसखुशीत, जाड नसते. मैद्याची पातळ पुरी, आत हिंग घातलेल्या उडदाच्या डाळीचं अगदी बेताचं सारण. तळताना ती टम्म फुगते, आणि बाहेर आली की तळणारा तिच्यावर झाऱ्याने हलकंच टोचतो, वाफ निघून जाते. सोबत बटाट्याची सालासकट केलेली पातळ भाजी, तिच्यात पाचफोडण: मेथी, बडीशेप, जिरं, कलौंजी आणि रांधुनी नावाचं ओव्यासारखं दिसणारं बी. कांदा नाही, लसूण नाही. पानाच्या द्रोणात चार कोचुऱ्या आणि त्यांच्यावरच भाजी ओततात, त्यामुळे खालची भिजते आणि वरची कुरकुरीत राहते; दोन्ही चवी मिळतात. मावशीने दुसरा द्रोण मागितला तेव्हा वाढणारा पोरगा "आर दू'टो, माशीमा?" म्हणत भाजी पुन्हा भरून गेला. भाजीचे जादा पैसे कुणी घेतले नाहीत. वर मातीच्या लहान कपातला चहा. कप पिऊन झाला की फेकायचा.

बागबाजार ही रसगुल्ल्याची जागा. नबीनचंद्र दास यांनी १८६८ मध्ये इथे छेन्याचा गोळा साखरेच्या पाकात उकळून हा पदार्थ केला, असं बंगाली माणूस सांगतो. 'बांगलार रसगोल्ला'ला २०१७ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आम्ही एका लहान दुकानात पाकातून नुकतेच काढलेले कोमट रसगुल्ले खाल्ले. डब्यातला रसगुल्ला आणि हा यांचं नातं नावापुरतंच आहे. कोमट असताना तो दाताखाली किंचित करकरतो आणि मग विरतो.

याच भागात मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात उतरल्या, तेव्हा कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. तीनेक मैल खणून झाला आणि काम थांबलं, कारण मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत. पुढे १७९९ च्या सुमारास तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. आज त्या रस्त्यांना आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र यांची नावं आहेत. आम्ही महाराष्ट्रातून आलो म्हटल्यावर दुकानातले आजोबा "बोर्गी!" म्हणून मोठ्याने हसले. बोर्गी किंवा बर्गी म्हणजे लुटायला येणारे मराठे स्वार. बंगालात अजून बाळांना निजवताना बर्गी आल्याची अंगाई म्हणतात. शाळेत आपण हा इतिहास घोड्यावर बसलेल्याच्या बाजूने शिकतो. गावं जळालेल्यांच्या बाजूने तो कसा दिसतो, हे त्या गल्लीत उभं राहिल्यावर मनात आलं आणि बराच वेळ गेलं नाही.

दुपारी कुमारटुली. सरस्वती पूजा तोंडावर असल्यामुळे गल्ल्यांमध्ये दोन्ही बाजूंना सरस्वतीच सरस्वती: काही नुसत्या गवताच्या, काही ओल्या मातीच्या, काही पांढऱ्या रंगापर्यंत आलेल्या. बांबू आणि लाकडाचा सांगाडा, त्यावर भाताचा पेंढा सुतळीने करकचून बांधून शरीर. मग चिकट मातीचा थर, तो वाळून तडकला की बारीक मातीत बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्या तडांवर बसवतात. बोटं वेगळी करून मागून जोडतात. एक कारागीर मांडीवर फळी घेऊन नुसती बोटंच वळत बसला होता. वीणा धरणाऱ्या हाताची बोटं आणि आशीर्वादाच्या हाताची बोटं वेगवेगळ्या वाकाची. त्याच्याकडे पाहताना आम्हाला वेळेचं भान राहिलं नाही. डोळे सगळ्यात शेवटी रंगवतात. फोटो काढायचा तर आधी विचारावं. गल्ली अरुंद आहे आणि ही माणसं काम करत असतात.

चार वाजले तसे हातीबागानकडे निघालो, तेलेभाजासाठी. बेगुनी म्हणजे लांबट कापलेल्या वांग्याची भजी, आलूर चॉप म्हणजे बटाट्याचा, मोचार चॉप म्हणजे केळफुलाचा, पेंयाजी म्हणजे कांद्याची. सोबत चटणी नसते, कुरमुरे असतात. एक घास भजी, एक मूठ मुडी. इथे १९१८ पासूनचं लक्ष्मीनारायण शॉ यांचं दुकान आहे. २३ जानेवारीला, नेताजींच्या जयंतीला, ते लोकांना फुकट तेलेभाजा वाटतात. केळफुलाचा चॉप चुकवू नका. आपल्याकडे केळफूल निवडायच्या कंटाळ्याने घरातून हद्दपार होत चाललंय. त्याचा असा रस्त्यावर मान बघून मावशी हरखली.

शनिवार

सकाळी कॉलेज स्ट्रीटजवळच्या पुटीराममध्ये राधाबल्लभी आणि छोलार दाल. राधाबल्लभी ही कोचुरीची मोठी, मऊ बहीण. हरभऱ्याच्या डाळीत नारळाचे बारीक तुकडे तुपात परतून घातलेले, चव किंचित गोड. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला ती पहिल्या घासालाच आवडते.

तिथून पायी जोडासांकोला, ठाकूरबाडीत. लाल रंगाचा प्रशस्त वाडा, मधे चौक. रवींद्रनाथ इथेच ७ मे १८६१ रोजी जन्मले आणि ७ ऑगस्ट १९४१ रोजी इथेच गेले. ती खोली बघता येते. चपला काढून हिंडायचं, आत फोटो नाहीत. मराठी माणसाने इथे एक धागा शोधावा. रवींद्रनाथांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ हे पहिले भारतीय आयसीएस अधिकारी, आणि त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली. १८७८ मध्ये विलायतेला जाण्याआधी सतरा वर्षांच्या रवींद्रनाथांना त्यांनी मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी ठेवलं. प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी ते एक. त्यांची मुलगी अन्नपूर्णा तर्खड हिने रवींद्रनाथांना इंग्रजी बोलण्याचा सराव करून दिला, आणि त्यांनी तिला 'नलिनी' हे नाव दिलं. गिरगावात वाढलेल्या मावशीला हे ठाऊक नव्हतं. ती त्या घरात पुन्हा एकदा पहिल्यापासून फिरून आली.

दुपार पुस्तकांची. कॉलेज स्ट्रीटच्या फुटपाथवर लाकडी खोकी एकमेकांना चिकटून उभी आहेत, आणि आतला माणूस दिसत नाही इतकी पुस्तकं. यादी कुठेच नाही. तुम्ही नाव सांगायचं, तो क्षणभर वर बघतो आणि एक तर ढिगातून ते ओढून काढतो, नाही तर चार खोकी पलीकडे हाक मारतो. रस्त्याला लागूनच १८१७ मध्ये हिंदू कॉलेज म्हणून सुरू झालेलं प्रेसिडेन्सी, १८३५ चं मेडिकल कॉलेज, आणि आपल्या मुंबई विद्यापीठाच्याच वर्षी, १८५७ मध्ये, स्थापन झालेलं कलकत्ता विद्यापीठ. रविवारी इथली बहुतेक दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवार सोडू नका.

समोरच्या इमारतीत, जुन्या अल्बर्ट हॉलमध्ये, कॉफी हाउस. उंच छत, वर सज्जा, भिंतीवर रवींद्रनाथांचं मोठं चित्र, तुरेवाली पगडी घातलेले वाढपी. कॉफी ठीकठाकच आहे. इथे यायचं ते बसायला. शेजारच्या टेबलावर चौघं जण एका कवितेवरून इतक्या तावातावाने भांडत होते की मधेच कुणीतरी पाण्याचा ग्लास सुरक्षित जागी सरकवून ठेवला. कुणी उठवत नाही, कुणी बिल आणून आदळत नाही.

तहान लागली असेल तर कॉलेज स्क्वेअरच्या बाजूला पॅरामाउंट. १९१८ पासूनचं सरबतांचं दुकान, संगमरवरी टेबलं. दाब शरबत मागवायचं: शहाळ्याचं पाणी, तळाशी कोवळ्या मलईचे तुकडे, बर्फ. त्याची कृती रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांनी सुचवली असं दुकानात अभिमानाने सांगतात, उद्देश हा की विद्यार्थ्यांच्या पोटात काही तरी पौष्टिक जावं. थंडीचे दिवस असूनही आम्ही ते अगदी चमच्याने तळ खरवडून संपवलं.

पुढे ट्रामने हेदुआकडे. कोलकात्यात १८७३ मध्ये घोड्यांची आणि १९०२ मध्ये विजेची ट्राम सुरू झाली. आता ती अगदी मोजक्या मार्गांवर उरली आहे आणि तिचंही भवितव्य डळमळीत आहे. मिळाली तर नक्की बसा. ती हळू जाते, म्हणूनच दोन्ही बाजूंची घरं, गॅलऱ्या, हिरव्या झडपांच्या खिडक्या बघून होतात.

हेदुआजवळ रामदुलाल सरकार स्ट्रीटवर गिरीशचंद्र दे आणि नकुडचंद्र नंदी यांचं संदेशाचं, म्हणजे छेन्याच्या मिठाईचं, दुकान आहे, लोकांच्या तोंडी नुसतं 'नकुड'. १८४४ पासूनचं. बसायला जागा नाही. रस्त्यावर उभं राहून जाळीतून मागायचं. इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण नोलेन गुडाचा मोसम होता.

हा खजुराच्या झाडाचा गूळ. झाडाच्या शेंड्याजवळ खाच पाडून संध्याकाळी मडकं बांधतात, रात्रभर थेंबथेंब रस साठतो, आणि उजाडायच्या आत तो उतरवून आटवतात. ऊन लागलं की रस आंबतो. थंडी कडक असेल तर रस चांगला. झाडाला काही दिवस विश्रांती देऊन पुन्हा काढलेला पहिला रस सर्वांत उत्तम मानतात. म्हणूनच हा गूळ बारमाही नाही, आणि म्हणूनच कोलकात्याला जायचं तर डिसेंबर-जानेवारीतच जावं असं माझं ठाम मत झालंय.

नकुडचा जलभरा संदेश साच्यात घडवलेला असतो, ताडगोळ्याच्या आकाराचा. वरून कोरडा, बदामी रंगाचा. मधोमध दात रोवला की आतून पातळ गूळ वाहतो. त्यामुळे तो कडेने कुरतडत खायचा, एका हाताची ओंजळ खाली धरून. धुराचा हलका वास, मग गोडी, आणि मागे राहणारी जराशी खारट चव. साखरेच्या मिठाईत हे तिन्ही एकदम कधी मिळत नाही. मावशी पेढ्यांची मोठी दर्दी, सातारी पेढ्यावर कुणाला बोलू न देणारी. तिने दुसरा संदेश तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

रविवार

पुन्हा पहाट. टिरेटा बाजार आमच्या मुक्कामापासून चालत दहा मिनिटांवर, पोद्दार कोर्टच्या मागे. एदुआर्दो तिरेत्ता या व्हेनिसच्या माणसाच्या नावावरून हे नाव पडलं. उजाडताना इथे फुटपाथवर वाफेची भांडी मांडलेली असतात: पावासारखे वाफवलेले बाव, सुई माई, मोमो, माशांच्या गोळ्यांचं सूप. मी सूप आणि बाव घेतला. सूप अगदी साधं, पातळ, वर कोथिंबीर आणि मिरी. थंडीत त्याने घसा मोकळा झाला. आठनंतर भांडी रिकामी होतात आणि तिथे भाजीवाले बसतात.

हुगळीच्या काठी, बजबजच्या पुढे, अठराव्या शतकात आछू नावाच्या चिनी माणसाने वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन घेऊन साखरेचा कारखाना काढला. ते गाव आजही अछिपूर म्हणून ओळखलं जातं आणि चिनी नववर्षाला कोलकात्याचे चिनी तिथे जातात. एके काळी ही वस्ती हजारोंची होती. १९६२ च्या युद्धानंतर अनेकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं गेलं; सुटल्यावर बरेच जण देश सोडून गेले. आता विकणाऱ्यांत चिनी चेहरे थोडेच दिसतात. मावशीला इथे खाण्यासारखं काही नव्हतं, म्हणून आम्ही जवळच्या सी इप मंदिरात गेलो. इथले लोक चिनी देवळांनाही चर्चच म्हणतात. आत कुआन यिन देवी, उदबत्त्यांचा धूर, आणि झाडलोट करणारी एक म्हातारी बाई. तिने मावशीला खुणेने खुर्ची दिली.

दुपारी मावशीची पाळी. पाइस हॉटेल म्हणजे जुन्या पद्धतीची खाणावळ: टेबलावर केळीचं पान, आणि पानापासून लिंबापर्यंत प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे. ही हॉटेलं माशांसाठी प्रसिद्ध, पण बंगाली शाकाहारी जेवण इथेच नीट मिळतं. सुरुवात शुक्तोने, कारल्याच्या कडवट भाजीने. मग डाळ, मोचार घोंटो, म्हणजे केळफुलाची भाजी, आणि धोकार डालना, म्हणजे वाटलेल्या हरभरा डाळीच्या वड्या तळून रश्शात सोडलेल्या. कांदा-लसणाशिवाय इतकं खोल स्वयंपाकघर बंगालात घडलं ते बऱ्याच अंशी विधवांच्या हातून. मासे, मांस, कांदा, लसूण, मसूर सगळं त्यांना वर्ज्य होतं, आणि उरलेल्या सालं-देठांतून त्यांनी हे पदार्थ उभे केले. हे कळल्यावर मावशी म्हणाली, "मग पानात काही टाकायचं नाही आज." शुक्तो मला आवडला नाही, पण मीही पान स्वच्छ केलं.

मग व्हिक्टोरिया मेमोरियल. सोमवारी आतलं संग्रहालय बंद असतं, म्हणून रविवारची गर्दी सोसली. विल्यम इमर्सनचा आराखडा, मकराण्याचा संगमरवर, १९२१ मध्ये खुलं झालं; तोवर राजधानी दिल्लीला नेण्याची घोषणा होऊन दहा वर्षं उलटली होती. आतल्या दालनांपेक्षा बाग सुंदर. फाटकाबाहेर झालमुडीवाले: मुडी, उकडलेला बटाटा, भिजवलेले हरभरे, चणाचूर, मिरची, आणि कच्चं मोहरीचं तेल. डब्यात चमचा फिरवून खडाखडा कालवायचं, कागदाच्या ठोंग्यात भरायचं, वर ओल्या नारळाची लांब चकती खोचायची. भेळेत चिंच सगळ्यांवर राज्य करते; इथे मोहरीचं तेल करतं, नाकापर्यंत जातं.

दिवेलागणीला दक्षिणेला, विवेकानंद पार्कपाशी, फुचका खायला. पुरी कणकेची, आपल्या पाणीपुरीपेक्षा मोठी, गडद आणि जास्त कुरकुरीत. आत रगडा नाही, गोड चटणी नाही. बटाटा, काळे हरभरे, मिरची, भाजलेला मसाला तुमच्यासमोर हाताने कुस्करतो, तिखट किती ते विचारतो. पाणी चिंचेचं, त्यात गंधराज लिंबू. हे लिंबू पिळतात कमी आणि हुंगतात जास्त. साल नुसती चुरडली तरी आजूबाजूच्या माणसांना वास जातो. पानाचा द्रोण हातात धरून गोल करून उभं राहायचं. शेवटी एक 'फाउ' फुचका मागायचा, पाण्याशिवायचा, फुकट. तो मागणं हा ग्राहकाचा हक्कच समजतात. मग चुरमुर: फुटलेल्या पुऱ्या त्याच मसाल्यात कालवून. कुठला ठेला निवडायचा? जिथे पुऱ्या भराभर संपतायत आणि पाण्याचं भांडं झाकलेलं आहे तो. आम्ही एवढंच पाहून खात होतो आणि दोघींनाही काही झालं नाही.

सोमवार

संग्रहालयांचा सुट्टीचा दिवस, म्हणून ऑफिसांचा भाग. बिनय-बादल-दिनेश बाग, म्हणजे जुना डलहौसी स्क्वेअर. तळ्याच्या उत्तरेला लाल रायटर्स बिल्डिंग. ८ डिसेंबर १९३० रोजी या तीन तरुणांनी आत शिरून तुरुंग महानिरीक्षक सिम्पसन याला गोळ्या घातल्या. चौकाला आज त्यांचंच नाव आहे.

एक वाजता डेकर्स लेन. गल्लीचं आताचं नाव जेम्स हिकी सरणी; १७८० मध्ये भारतातलं पहिलं छापील वर्तमानपत्र काढणारा तो हिकी. इथे चिकन स्टू आणि भाजलेला पाव खायचा: पातळ, मसाला जवळजवळ नसलेला रस्सा, त्यात कच्च्या पपईचा नि गाजराचा मोठा तुकडा, मिरीपूड. भर दुपारी शर्टाच्या बाह्या दुमडून उभ्याने जेवणाऱ्या कारकुनांसाठी हे अन्न घडलंय, पोटाला जड न होणारं. मावशीने घुगनी घेतली, वाटाण्याची, वर नारळ आणि चिंचेचं पाणी. अर्ध्या-पाऊण तासात गर्दी ओसरते.

एस्प्लनेडहून हावड्याला मेट्रोने गेलो. देशातली पहिली मेट्रो १९८४ मध्ये याच शहरात धावली, आणि मार्च २०२४ पासून ती नदीखालूनही जाते. पाण्याखालचा बोगदा पाचशेवीस मीटरचा, पाऊण मिनिटात पार. तेवढ्यात निळे दिवे दिसतात. संध्याकाळ प्रिन्सेप घाटावर. ब्राह्मी लिपी वाचणाऱ्या जेम्स प्रिन्सेपच्या स्मरणार्थ उभारलेल्या पांढऱ्या खांबांच्या मागे विद्यासागर सेतू. नाव भाड्याने मिळते. भाव आधी ठरवा.

मंगळवार

सकाळी इंडियन म्युझियम. १८१४ चं. वेळ कमी असेल तर भारहुतचा कठडा तेवढा बघा: इसवी सनापूर्वीच्या स्तूपाचं तांबड्या दगडातलं कुंपण, त्यावर जातककथा, आणि खाली ब्राह्मीत नावं कोरलेली. मग साउथ पार्क स्ट्रीटचं जुनं कब्रस्तान, १७६७ मध्ये सुरू झालेलं. पिरॅमिड, घुमट, मनोरे, सगळ्यांवर शेवाळ. सर्वांत उंच मनोरा एशियाटिक सोसायटीच्या विल्यम जोन्सचा. इथे पुरलेल्यांची वयं वाचत गेलं की पोटात कालवतं. विशी-पंचविशीतली माणसं आणि तान्ही मुलं किती तरी.

दुपारनंतर न्यू मार्केट, १८७४ चं. आत नाहूमची बेकरी, १९०२ पासून बगदादी ज्यू कुटुंबाची. लाकडी कपाटं, मागे आरसा. फ्रूट केक घेतला तो गाडीत सोबतीला.

रोल मात्र अंधार पडल्यावरच खाल्ला. न्यू मार्केटच्या मागच्या निझाममध्ये काठी रोल सुरू झाला. काठी म्हणजे कबाब भाजायची बांबूची काडी. जड लोखंडी सळयांऐवजी ती वापरली गेली आणि नाव चिकटलं. तव्यावर पराठा तेलात फुलवायचा, कबाब, कच्चा कांदा, मिरची, लिंबू, आणि अर्ध्यावर कागद गुंडाळायचा. सॉस घालू का विचारलं तर नको म्हणा. शेजारच्या गाडीवर मावशीला पनीर रोल मिळाला. उभ्या उभ्या, कागद सोलत सोलत खायचा.

परतीसाठी मिठाई घेणार असाल तर 'नोरोम पाक' आणि 'कोडा पाक' असं विचारून घ्या. नोरोम, म्हणजे मऊ शिजवलेला संदेश, त्याच दिवशी संपवायचा. कोडा पाक कडक असतो, थंडीत दोन दिवसांचा प्रवास सोसतो. आम्ही तोच घेतला. हावड्याहून मुंबईची गाडी नागपूर मार्गाने येते, आणि दुसऱ्या दिवशी वर्ध्याला डबा उघडला तेव्हा तो जसाच्या तसा होता.